भुसा, माती, शेवाळ आणि पाण्यातलं युरेनियम

मागच्या अंकात पाण्यातल्या किरणोत्सारी धातूंबद्दल लिहिताना शेवटी मी दोनच ओळी टाकल्या होत्या, की काही स्वस्त नैसर्गिक पदार्थ हे धातू पाण्यातून ओढून घेतात. सगळ्यात जास्त पत्रं त्या दोन ओळींवर आली, त्यामुळे यावेळचं सदर पूर्ण त्याच विषयाला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, केळीच्या सालीची पावडर पाण्यातलं युरेनियम काढते असा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. खरं आहे का हे, की उगाच काहीतरी पसरवलेलं?

खरं आहे, पण त्यातलं अर्धंच तुमच्यापर्यंत पोचलंय. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या आयपेन या अणुसंशोधन संस्थेत केळीच्या सालीवर खरंच असे प्रयोग झालेत, आणि केळीची साल एकटी नाहीये, लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या, तांदळाचं तूस, समुद्री शेवाळ, कोळंबी-खेकड्याची कवचं, झाडांच्या सालीतलं टॅनिन, अशा कितीतरी गोष्टींवर जगभर काम झालंय आणि चालू आहे.

आता हे होतं कसं ते बघा, कारण एकदा ते कळलं की पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात. युरेनियम पाण्यात विरघळतं तेव्हा ते सुटं धातू म्हणून फिरत नसतं, दोन ऑक्सिजनना धरून युरेनिल नावाचा आयन म्हणजे भार असलेला कण बनतो आणि त्याच्यावर दोन धन भार असतात. झाडाच्या पेशीची भिंत म्हणजे सेल्युलोज, पेक्टिन, लिग्निन, आणि त्यांच्या लांबलचक साखळ्यांना जागोजागी कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल असे गट लटकलेले असतात, ज्यांच्या ऑक्सिजनला असा धन आयन धरून ठेवायला आवडतं. शेवाळात हे काम अल्जिनेट करतं, कवचांपासून बनवलेल्या कायटोसानमध्ये नायट्रोजनवाले अमाइन गट करतात. म्हणजे धातू सालीच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतो, स्पंज पाणी पितो तसं हे नाही. आपल्या पुस्तकांत यासाठी अधिशोषण असा वेगळा शब्द आहे तो याचसाठी. आणि साल मेलेली, वाळवलेली, दळलेली असली तरी चालतं, कारण हे काम जिवंत पेशीचं नाहीच, त्या भिंतीच्या रसायनाचं आहे.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात त्सेझोस आणि व्होलेस्की या दोघांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ऱ्हायझोपस नावाच्या बुरशीवर हे तपासलं. मेलेल्या वाळवलेल्या बुरशीच्या 1 ग्रॅमने 180 मिलिग्रॅमहून जास्त युरेनियम धरलं. हा आकडा बघून मी पहिल्यांदा अक्षरशः थक्क झाले होते, आणि गंमत म्हणजे ही बुरशी आंबवण्याच्या उद्योगात टाकाऊ म्हणून भरपूर निघते.

पण आता उरलेलं अर्धं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमची मर्यादा आहे लिटरला 30 मायक्रोग्रॅम. कागदावर हिशेब केला तर 180 मिलिग्रॅम म्हणजे 6000 लिटर पाण्यातलं 30-30 मायक्रोग्रॅम युरेनियम एका ग्रॅम बुरशीत मावायला हवं. असं होत नाही, कधीच नाही. कारण तो 180 चा आकडा मिळाला पीएच 4 च्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी आंबट पाण्यात, आणि युरेनियम भरपूर असताना. पाण्यात धातू जितका कमी तितका तो ग्रॅममागे कमी चिकटतो हा एक भाग, आणि दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, की जमिनीखालच्या खऱ्या पाण्यात बायकार्बोनेट (खायच्या सोड्यात असतं तेच) असतं, लिटरला 300 मिलिग्रॅम सहज असू शकतं, म्हणजे युरेनियमच्या दहा हजार पट. ते युरेनिलला मिठीत घेतं आणि जो आयन धन होता तो ऋण होऊन बसतो, त्यात कॅल्शियमही येऊन मिळालं तर भारच उरत नाही. आता सालीवरचे गट ज्याला ओढत होते तो धन भारच गेला तर ते ओढणार कशाला? बहुतेक व्हिडिओंमध्ये हा बायकार्बोनेट शब्दच नसतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच शोधनिबंधांतही डिस्टिल्ड पाण्यात युरेनियमचं मीठ घालून 95-98 टक्के निघालं असं लिहून थांबतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते वाचून गावातला एखादा माणूस आशेला लागतो.

प्रश्न : मग घरच्या गाळणीत भुसा किंवा सालीची पावडर भरून वापरली तर थोडा तरी फायदा होईल ना? काहीच न करण्यापेक्षा बरं.

नका करू, अगदी मनापासून सांगते. न धुतलेल्या, प्रक्रिया न केलेल्या सालीतून रंग, टॅनिन, साखर पाण्यात उतरते, दोन दिवसांत त्यावर जिवाणू वाढतात, आणि युरेनियम चवीला, वासाला, डोळ्याला कळत नसल्यामुळे ती गाळणी कधी भरली हे तुम्हाला समजणारच नाही. भरल्यावर काय होतं माहितीये, पाण्याचा पीएच किंवा क्षार जरा बदलले की आधी धरलेला धातू एकदम परत सुटू शकतो आणि तुम्ही आधीपेक्षा जास्त युरेनियमचं पाणी प्याल. "काहीच न करण्यापेक्षा बरं" हे इथे लागू पडत नाही, कारण गाळणी आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि पाणी तपासायचं सोडून देतो.

घरात युरेनियमसाठी खात्रीचे मार्ग दोन, आरओ किंवा ऋण आयन धरणारं आयन-विनिमय रेझिन. गंमत बघा, जे बायकार्बोनेट सालीला नडतं तेच रेझिनला मदत करतं, कारण रेझिनला ऋण झालेला युरेनियमच हवा असतो. साधा कार्बन फिल्टर युरेनियमसाठी भरवशाचा नाही. आणि आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं त्यात युरेनियम जास्त झालेलं असतं, ते पिण्या-स्वयंपाकाला वापरायचं नाही.

प्रश्न : पाणी उकळून घेतलं तर?

नाही. धातू उकळून जात नाही, पाणी वाफ होऊन कमी होतं आणि धातू आहे तेवढाच राहतो, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. उकळल्याने जंतू मरतात, त्यासाठी जरूर उकळा.

प्रश्न : युरेनियमचं पाणी प्यायल्याने रेडिएशनमुळे कॅन्सर होतो म्हणूनच ही मर्यादा आहे ना?

हा गैरसमज खूप पसरलाय. 30 मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरवली गेली ती मूत्रपिंडासाठी, म्हणजे युरेनियम हा एक जड धातू म्हणून जे नुकसान करतो त्यासाठी. नैसर्गिक युरेनियमचा मुख्य भाग युरेनियम-238, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे अर्धे अणू फुटायला लागणारा काळ, जवळपास 450 कोटी वर्षं, म्हणजे तो इतका सावकाश फुटतो की 30 मायक्रोग्रॅममध्ये सेकंदाला एकसुद्धा अणू धड फुटत नाही, साधारण 0.75 बेकरेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल).

याच्या उलट सिझियम-137 घ्या, अर्धायुष्य 30 वर्षं. त्याची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी लिटरला 10 बेकरेल आहे, आणि 10 बेकरेल सिझियमचं वजन किती, तर एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले तीन. म्हणून "रेडिओअॅक्टिव्ह धातू काढणारा पदार्थ" असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठला धातू? युरेनियमच्या बाबतीत तुम्ही वजनाने मोजता येईल असं काहीतरी काढताय, सिझियमच्या बाबतीत जवळजवळ नसल्यासारखं काहीतरी शोधून काढायचंय आणि तेही सोडियम-पोटॅशियमच्या गर्दीतून, तर दोन्हीसाठी एकच पावडर चालेल असं समजू नका.

प्रश्न : मी अकरावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घ्यायचाय. कुठल्या धातूला कुठला नैसर्गिक पदार्थ चालतो? आणि प्रयोग कसा करू?

विषय छान निवडलायस. धातूपासून सुरुवात कर, पदार्थापासून नको.

सिझियमवर एकच धन भार असतो, तो भुशाला किंवा सालीला फारसा चिकटत नाही, तिथे खनिजं कामाला येतात. झिओलाइट नावाचं खनिज आहे, त्याच्या स्फटिकात अॅल्युमिनियम-सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी असते आणि जाळीत ठराविक मापाची भोकं. जाळीवर ऋण भार असतो आणि तो भागवायला आत सोडियम किंवा पोटॅशियम बसलेलं असतं. सिझियमचा आयन मोठा असल्यामुळे पाण्याचे रेणू सैल धरतो, ते सहज सोडून तो भोकात जाऊन बसतो, सोडियम मात्र पाण्याचं पांघरूण सोडायला तयार नसतं, म्हणून ते बाहेर आणि सिझियम आत. क्लिनोप्टिलोलाइट हा झिओलाइट यात फार चांगला आणि तो खाणीतून सरळ खणून काढता येतो. काही चिकणमातींमध्ये, विशेषतः इलाइटमध्ये, पापुद्र्यांच्या झिजलेल्या कडांना सिझियम असं अडकतं की निघता निघत नाही.

स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या घराण्यातलं, आपल्या हाडांतही ते कॅल्शियमच्या जागी बसतं आणि म्हणूनच धोकादायक, पण तीच सवय वापरून हाडाच्या खनिजाने म्हणजे अॅपेटाइटने किंवा झिओलाइटने ते काढता येतं. युरेनियमला फॉस्फेट असलेला हाडाचा कोळसा, लोखंडाचा चुरा, टॅनिन, कायटोसान. रेडियमला मँगनीज ऑक्साइडचा थर चढवलेली वाळू.

प्रयोगात किरणोत्सारी काही वापरायचं नाही, आणि गरजही नाही. रसायनाला अणू किरणोत्सारी आहे की नाही हे कळत नाही, साधं स्ट्रॉन्शियम आणि स्ट्रॉन्शियम-90 सारखंच चिकटतं, मोठे संशोधकसुद्धा बरेच प्रयोग साध्या, स्थिर सिझियम-स्ट्रॉन्शियमवरच करतात. तू शाळेच्या लॅबमध्ये शिक्षकांसमोर मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटचं पातळ द्रावण घे, निळा रंग किती फिका होतो ते बघता येतं. एक बाटली पदार्थ न घालता तशीच ठेवायची, ती सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच मुलं विसरतात. मग एकदा डिस्टिल्ड पाण्यात कर आणि एकदा त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड घालून कर, दुसऱ्या वेळी तांबं कमी निघालं तर तुला प्रदर्शनात सांगण्यासारखं खरं काहीतरी मिळालं. खायचा सोडा घालू नकोस, तांबं साका होऊन खाली बसेल आणि तुला वाटेल भुशानेच काढलं.

प्रश्न : हे सगळं प्रयोगशाळेतच आहे की प्रत्यक्षात कुठे वापरलंय?

वापरलंय आणि चांगलं मोठ्या प्रमाणावर. इंग्लंडमधल्या सेलाफील्डला वापरलेलं अणुइंधन पाण्याच्या तलावांत ठेवतात, त्या पाण्यातलं सिझियम आणि स्ट्रॉन्शियम आयरिश समुद्रात जात होतं. 1985 मध्ये तिथे सिक्सेप नावाचा प्लँट सुरू झाला, त्यात कॅलिफोर्नियातल्या खाणीतून आणलेला क्लिनोप्टिलोलाइट भरलेला असतो. आधी वाळूतून गाळतात, मग कार्बन डायऑक्साइड सोडून पाण्याचा अल्कधर्मीपणा कमी करतात, आणि मग झिओलाइटमधून जाऊ देतात. बघा, इतक्या मोठ्या प्लँटलासुद्धा आधी पाणी पदार्थाला मानवेल असं करून घ्यावं लागतं.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात 1979 मध्ये अपघात झाला, तिथलं दूषित पाणी झिओलाइट भरलेल्या टाक्यांतून काढलं, आणि त्या टाक्या तलावाच्या पाण्याखाली बुडवून ठेवल्या होत्या म्हणजे रेडिएशन अडवायचं काम पाणीच करेल. मला ही कल्पना फार आवडते. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात 2011 च्या अपघातानंतरही सुरुवातीला सिझियम काढायला झिओलाइटच्या टाक्या लावल्या, आणि तिथे अडचण वेगळी होती, थंड करायला समुद्राचं पाणी घातलेलं, म्हणजे मिठाने भरलेल्या पाण्यातून सिझियम वेचायचं.

न्यूयॉर्क राज्यात वेस्ट व्हॅली इथे तर पाणी उपसलंच नाही. जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्यात स्ट्रॉन्शियम-90 होतं, त्याच्या वाटेत 2010 मध्ये सुमारे 260 मीटर लांबीचा चर खणून त्यात क्लिनोप्टिलोलाइट भरला. पाणी आपल्या गतीने त्यातून जातं आणि स्ट्रॉन्शियम मागे राहतं, ना पंप ना वीज. युटामध्ये फ्राय कॅनियनला 1997 मध्ये असेच तीन बांध शेजारी शेजारी घालून पाहिले, एकात हाडाचा कोळसा, एकात लोखंड, एकात लोखंडाचा ऑक्साइड, समोर युरेनियमचं पाणी. लोखंड सगळ्यात सरस ठरलं, कारण ते युरेनियमला इलेक्ट्रॉन देऊन न विरघळणाऱ्या रूपात आणतं, फक्त चिकटवत नाही. एकाच जागी, एकाच पाण्यावर तीन पदार्थांची तुलना, असं काम मला जास्त पटतं.

सूर्यफुलंही वापरली. 1990 च्या दशकात चेर्नोबिलजवळच्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं लावून मुळं पाण्यात सोडली होती, आणि ओहायोमधल्या अॅश्टाब्युला इथे सूर्यफुलांच्या मुळांनी पाण्यातलं युरेनियम लिटरला 20 मायक्रोग्रॅमच्या खाली आणलं.

पण या यादीत खनिजं जास्त आहेत आणि साल-भुसा नाहीये हे तुमच्या लक्षात आलं असेल. खनिज कुजत नाही, फुगत नाही, दाबाने चिकटून पाणी अडवत नाही, रेडिएशनने लवकर तुटत नाही. भुशाचं हे सगळं होतं. ते टाळायला त्याला रसायनांनी बांधावं लागतं, टॅनिनचं उदाहरण घ्या, ते स्वतःच पाण्यात विरघळतं म्हणून फॉर्मल्डिहाइडसारख्या गोष्टीने घट्ट करून वापरतात, आणि मग ते "फुकटचं" राहत नाही. कमी खर्चाचा पदार्थ आणि कमी खर्चाचं शुद्धीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : धातू सालीला किंवा मातीला चिकटला, पाणी स्वच्छ झालं. मग त्या मातीचं काय करायचं?

हा प्रश्न फक्त एकाच वाचकाने विचारलाय आणि त्यांचे मला मनापासून आभार मानायचेत, कारण खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

चिकटल्याने किरणोत्सार थांबत नाही. अणू जिथे असेल तिथे फुटतो, पाण्यात किंवा मातीत. आधी हजारो लिटरमध्ये पसरलेला होता तो आता थोड्याशा वजनात गोळा झालाय, म्हणजे त्या मातीजवळ उभं राहणं आधीच्या पाण्याजवळ उभं राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं. फुकुशिमात अपघातानंतर लगेच दोन इमारतींच्या तळघरांत झिओलाइटच्या गोण्या टाकल्या होत्या, सगळी मिळून सुमारे 26 टन, तिथे साठवणार असलेल्या पाण्यातलं सिझियम ओढून घ्यावं म्हणून. गोण्यांनी काम चोख केलं. पण आता त्यांच्यातून इतकं रेडिएशन येतं की माणूस जवळ जाऊच शकत नाही, त्या काढायला लांबून चालवायची यंत्रं बनवावी लागली. घाईत टाकल्या तेव्हा त्या परत कशा काढायच्या हे ठरलेलं नव्हतं, आणि त्या परिस्थितीत ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना दोष द्यायला मला जमणार नाही, पण आपण शांतपणे बसून योजना करतोय तर आपल्याला ही सूट नाही.

सिझियम-137 साठी हिशेब असा, 30 वर्षांत अर्धं, 300 वर्षांत साधारण हजारावा भाग. तेवढा काळ ती माती सिमेंटमध्ये बांधून किंवा काचेत वितळवून पाण्यापासून लांब ठेवायची. भुसा-साल असेल तर जाळून राख करता येते, आकारमान खूप कमी होतं, पण सिझियम उष्णतेत वाफेबरोबर उडतं म्हणून साध्या भट्टीत किंवा उघड्यावर हे अजिबात करायचं नाही. युरेनियमचं तर 300 वर्षांनीही काही कमी होणार नाही, तिथे आम्लाने किंवा सोड्याच्या द्रावणाने धातू परत सोडवून घेणं आणि पदार्थ पुन्हा वापरणं हा एक मार्ग आहे, सोडवलेलं ते दाट द्रावण मात्र कुणीतरी जबाबदारीने घ्यायला हवं. शेतात टाकणं, नाल्यात टाकणं, कंपोस्टमध्ये घालणं, नाही म्हणजे नाही.

प्रश्न : ट्रिटियमसाठी असा एखादा नैसर्गिक पदार्थ आहे का?

नाही. ट्रिटियम हा हायड्रोजनच आहे आणि तो पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतो, म्हणजे पाण्यातून पाणीच वेगळं करायला सांगण्यासारखं आहे ते. फुकुशिमातलं पाणी बाकी बहुतेक किरणोत्सारी पदार्थ काढूनही ट्रिटियमसकट पातळ करून 2023 पासून समुद्रात सोडतायत ते याचमुळे.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात युरेनियम आहे का हे टीडीएस मीटरवर कळेल? नाहीतर कसं तपासायचं?

टीडीएस मीटरवर नाही कळणार. मीटर सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो, आणि 30 मायक्रोग्रॅम म्हणजे 0.03 मिलिग्रॅम, मीटरचा काटा तेवढ्याने हलत पण नाही. ग्लासजवळ गायगर काउंटर म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र धरूनही काही कळत नाही.

लॅबला सांगायचं की युरेनियम मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये हवंय, आणि त्याचबरोबर एकूण अल्फा आणि एकूण बीटा (किरणोत्साराचे दोन प्रकार) मोजून द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने अल्फा लिटरला 0.5 बेकरेल आणि बीटा 1 बेकरेलच्या आत असेल तर सहसा पुढे खोदत बसावं लागत नाही, त्याच्या वर असेल तर रेडियम वगैरे एकेक वेगळं तपासायचं. पीएच, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट हेही त्याच रिपोर्टमध्ये मागून घ्या, उद्या कुणी कुठलाही फिल्टर सुचवला तरी तो तुमच्या पाण्यात चालेल का हे या तीन आकड्यांवरून सांगता येतं. बाटली लॅबकडूनच घ्या, धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून त्यात किंवा नंतर आम्ल घालतात ते काम त्यांनाच करू द्या, आणि नमुना भरायच्या आधी पंप थोडा वेळ चालू ठेवा म्हणजे पाइपात साठलेलं शिळं पाणी निघून जाईल आणि खालचं ताजं पाणी येईल.